टायरचा लातूर पॅटर्न

शुक्रवारी दुपारी चार वाजता ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, 'उद्या कुठं?' साडेचारपर्यंत सहस्रकुंड, माहूर, खरोसा, हत्तीबेट अशी सगळी नावं फिरून येतात. आणि पाच वाजता कुणीतरी तो डायलॉग मारतोच : 'रोडनं काय जायचं यार, काहीतरी चाकोरीबाहेरचं करू!'

आता गंमत बघा. चाकोरी म्हणजे काय? बैलगाडीच्या चाकांनी मातीत पडलेली वाट. म्हणजे ज्या कच्च्या रस्त्यासाठी आपण शनिवारी पहाटे पाचचा गजर लावतो, ती वाट म्हणजेच चाकोरी! ऑफिसातल्या चाकोरीला कंटाळून आपण खऱ्याखुऱ्या चाकोरीत जातो. इथपर्यंत सगळं सही आहे. घोळ होतो तो त्या चाकोरीच्याही बाहेर गाडी घातल्यावर. आणि बहुतेक वेळा ती घालायची हिंमत देतो तो नवा कोरा टायर.

तर आजचा विषय टायर. त्यातही बटण टायर. उंच उंच गोट्यांची नक्षी, मध्ये बोट घालता येईल एवढी फट. हा टायर लावला की गाडी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उभी असली तरी थेट डाकार रॅलीतून आल्यासारखी दिसते. आपल्यातले निम्मे लोक तो दिसण्यासाठीच घेतात, हे आता कबूल करून टाकू. मीही त्यासाठीच घेतला होता.

एक कबुलीजबाब

काही वर्षांपूर्वीचा जून. कंधार रोडवरून आत एका गावाकडे निघालो होतो. आदल्या रात्री पाऊस झालेला, पाणंदीत पाणी साचलेलं. बाजूचं शेत मात्र छान सपाट, काळंभोर, एखाद्या रेसट्रॅकसारखं. म्हटलं, नवा टायर आहे, घ्या बाजूनं. बांध ओलांडून आत घुसलो आणि जेमतेम तीस फुटांवर गाडी थांबली. थांबली म्हणजे बंद नाही पडली. मागचं चाक फिरत होतं आणि जागच्या जागी खड्डा खणत होतं. पुढचं चाक तर फिरायचंच थांबलं, कारण मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखलाचा लाडू घट्ट बसलेला. मी अजून थोडा थ्रॉटल दिला. खड्डा अजून थोडा खोल गेला.

लांबून एक म्हातारे आजोबा चालत आले. मला वाटलं, आता शिव्या मिळणार. ते गाडीकडं बघेनात, माझ्याकडंही बघेनात. खाली बघत म्हणाले, 'काय करलालाव सायेब? परवाच पेरलंय ओ.'

तेव्हा दिसलं. मातीतून नुकते डोकं वर काढणारे सोयाबीनचे कोंब. माझ्यामागं तीस फूट लांब, वीतभर खोल एक चर आणि बांधाला पडलेली एक खाच. आजोबांनी गाडी काढायला मदत केली. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. शेजारून एक खोरं आणलं आणि आधी बांधाची खाच बुजवायला लागले. म्हणाले, 'हितूनच पाणी फुटंल बघा आता.'

बॉस, त्या दिवसापासून टायरकडं बघायची माझी नजर बदलली.

आधी सिलॅबस, मग पुस्तक

आपल्याकडं लातूर पॅटर्न म्हटलं की बारावीचे क्लासेस आठवतात. त्या पॅटर्नचा सरळ फंडा : आधी पेपर कसा येतो ते बघा, मग त्याप्रमाणे तयारी करा. टायरचंही तेच आहे. आधी जमीन बघा, मग पॅटर्न निवडा. आपण उलटं करतो. यूट्यूबवर लडाख किंवा राजस्थानच्या वाळूतला व्हिडिओ बघतो आणि त्यातला टायर औसा रोडवर चालवतो.

आपल्या भागाचा पेपर साधारण चार प्रश्नांचा.

पहिला प्रश्न अर्थातच काळ्या मातीचा. बेसॉल्टच्या काळ्या खडकाची झीज होऊन झालेली ही माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात लोण्यासारखा चिखल. दुसरा प्रश्न बालाघाटच्या माळांवरचा मुरूम. वर पातळ गवत, खाली कडक दगड, मध्ये इंच-दोन इंच माती. तिसरा, नांदेडच्या दक्षिण-आग्नेयेला देगलूर, बिलोली, मुखेडकडं लागणारा ग्रॅनाइटचा पट्टा आणि त्याची भरड, रेताड माती. आणि चौथा किनवट-माहूरकडचा सागाच्या जंगलाचा भाग.

यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत : ओल्या काळ्या मातीसाठी जगात कुठलाही टायर बनलेला नाही. बटण टायरच्या फटी पहिल्या दहा-वीस फुटांत चिखलानं भरतात आणि मग तो गोटा टायरसारखाच घसरतो. फरक एवढाच, की गोटा टायर नुसता घसरतो, बटण टायर घसरताना नांगरतोही.

शेतकऱ्याकडं यासाठी एक सुंदर शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जास्तीचं पाणी निचरून जातं, माती ना ओली ना कोरडी अशी मोकळी होते, तो वाफसा. वाफसा आल्याशिवाय कुणी शेतात औत घालत नाही. कारण ओल्या जमिनीवर वजन पडलं की माती दाबून घट्ट होते, आत हवा-पाणी जात नाही आणि मुळं गुदमरतात. ज्याची जमीन आहे तो थांबतो, मग वीकएंडला आलेल्या आपल्याला कसली घाई?

टेस्टही सोपी आहे. मूठभर माती उचला, दाबून गोळा करा आणि बोटानं टिचकी मारा. गोळा फुटून भुगा झाला तर वाट चालेल. नुसता चेपला आणि हाताला चिकटला, तर गाडी डांबरावर आणा. गरम भजी खा, घरी या.

मग टायर कुठला?

जमिनीचं नुकसान टायरच्या वजनानं कमी आणि जागेवर फिरण्यानं जास्त होतं, हे एकदा डोक्यात बसलं की निवड सोपी होते. चाक नुसतं पुढं लोळत गेलं तर ठसा उमटतो. चाक फिरतंय आणि गाडी जात नाहीये, किंवा चाक लॉक झालंय आणि गाडी घसरतेय, तेव्हा चर पडतो. म्हणजे चांगला टायर कोणता? कमी थ्रॉटलवर, न फिरता पकड देणारा.

बाजारात ढोबळमानानं तीन जाती मिळतात. पहिली साधा रोड टायर. दुसरी ड्युअल पर्पज, म्हणजे मध्यम उंचीचे, जवळजवळ बसवलेले चौकोनी ठोकळे. तिसरी पक्का मोटोक्रॉसचा बटण टायर, उंच आणि विरळ गोट्यांचा. तिसरा बनलाय आखलेल्या ट्रॅकसाठी. तिथं माती उकरली गेली तरी स्पर्धेनंतर आयोजक ती सारखी करून घेतात. आपल्या पाणंदीमागं असा कुणी आयोजक नसतो. शिवाय लातूर-नांदेड हा पट्टा डांबरावरचा. तिथं बटण टायर आवाज करतो, ब्रेकला कमी धरतो आणि भराभर झिजतो. यातल्या अनेक टायरवर 'हायवेसाठी नाही' असं कंपनीनंच छापलेलं असतं. ते वाचायची तसदी आपण घेत नाही.

नव्वद टक्के डांबर आणि दहा टक्के कच्चा रस्ता, हा आपला खरा हिशोब. त्याला मधली जात फिट्ट बसते. हिरोची एक्सपल्स २०० (२०१९) किंवा रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४११ (२०१६) या गाड्या कंपनीतूनच पुढं २१ इंची चाक आणि ठोकळ्यांच्या नक्षीचे ड्युअल पर्पज टायर घेऊन आल्या. अशी गाडी असेल तर पहिले टायर झिजेपर्यंत नवीन काही घेऊच नका. ते पुरतात. बदलताना साइझ कंपनीनं दिलेलाच ठेवा. 'थोडा रुंद टाकतो, भारी दिसेल' म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करा. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो मधोमध फुगतो आणि जमिनीला टेकणारा भाग बिघडतो.

एक चौथी जातही आहे, ट्रायल्स टायर. दगड-धोंड्यांवरून पाय न टेकवता गाडी नेण्याची जी स्पर्धा असते, तिच्यातला. मऊ रबर, लवचिक बाजू, छोटे छोटे चौकोनी ठोकळे. स्पर्धेत त्यात मागं जेमतेम चार-पाच पीएसआय हवा ठेवतात. तो जमिनीला चिकटतो, खणत नाही. पाऊलखुणा सगळ्यात कमी याच्याच. पण डांबरावर स्पीडला तो डुलतो आणि गरम होतो, आपल्याकडं सहज मिळतही नाही. त्यामुळं त्याच्यामागं धावू नका. त्याच्याकडून फक्त धडा घ्या : मऊ, जवळजवळच्या नक्षीचा आणि कमी हवेचा टायर जमिनीवर दया करतो.

हवा, हवा!

आता सगळ्यात स्वस्त भाग. फुकटच म्हणा ना.

पूर्वीच्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टी असायची, तिला 'धाव' म्हणतात. दोन-अडीच इंचांच्या त्या धावेवर अख्ख्या गाडीचं वजन. खोल चाकोऱ्या पडल्या त्या यामुळं. मग १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप नावाच्या पशुवैद्यानं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि पुढं आपल्याकडच्या बैलगाड्यांनाही हवेचे टायर आले. चाक जमिनीवर पसरून टेकायला लागलं. बैलांचा त्रास कमी झाला, जमिनीचाही.

म्हणजे टायरमधली हवा हीच जमिनीवरच्या दाबाची चावी. हिशोब करून बघू. मागच्या चाकावर तुमचं आणि गाडीचं मिळून १३० किलो वजन येतंय असं धरा. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो दाब, म्हणजे ५८ चौरस सेंटिमीटरचा ठसा. तीच हवा १८ वर आणली तर दाब सव्वा किलोच्या आसपास आणि ठसा १०० चौरस सेंटिमीटरच्या पुढं. टायरच्या बाजूंचा कडकपणा धरला तर प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो, पण दिशा तीच. ठसा मोठा, दाब कमी, पकड जास्त, चाक जागेवर फिरणं कमी. एक रुपया खर्च न करता तुमचा साधा टायर ऑफ-रोडचा झाला!

पण जरा जपून. ट्यूबचा टायर असेल तर १८-२० च्या खाली जाऊ नका. टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो. अलॉय व्हील असेल तर २२-२४ वरच थांबा, नाहीतर मुरमातला एक दगड आणि रिमला पोचा. डांबर लागलं की आधी हवा भरा. कमी हवेच्या टायरवर हायवेला ऐंशीनं जाणं म्हणजे टायर तापवून फाडायची तयारी. म्हणून सीटखाली छोटा पंप आणि प्रेशर गेज हवंच. पंक्चर किटही. कारण मराठवाड्यात रस्ता सापडो न सापडो, बाभळीचा काटा सापडतोच.

'पण ट्रॅक्टर चालतो की!'

हा प्रश्न दर राइडला येतो. दीड-दोन टनांचा ट्रॅक्टर शेतात फिरतो, मग माझी दीडशे किलोची गाडी काय बिघडवणार?

एक तर ट्रॅक्टर मालकाच्या मर्जीनं, वाफसा बघून येतो आणि मागचे रुंद टायर वजन पसरवतात. दुसरं म्हणजे तो साधारणपणे उताराला आडवा चालतो. आपण मात्र टेकडी दिसली की नाकासमोर सरळ वर. मोटारसायकलचा चर अरुंद, खोल आणि थेट उताराच्या दिशेनं. पहिल्या मोठ्या पावसात पाणी तीच वाट धरतं. यंदा चर, पुढच्या वर्षी ओहळ, त्यापुढं घळ. पाण्याला वाट दाखवायची आणि मातीची वाट लावायची, असा हा कार्यक्रम.

आणि पाण्याबद्दल आपण तरी हलक्यात घेऊ नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली होती. त्या काळात आपल्या माळांवर, टेकड्यांवर लोकांनी घाम गाळून समतल चर खोदले, बांध घातले. पाणी अडावं आणि मुरावं म्हणून. लांबून बघितलं की ते चर म्हणजे जंप मारायला मस्त रॅम्प वाटतात. प्रत्येक जंपला त्या भरावाचा एक ढेकूळ खाली जातो. तिसऱ्या-चौथ्या गाडीनंतर खाच पडते आणि अडवलेलं पाणी तिथून पळतं. आजोबांनी पैसे सोडून खोरं का उचललं, ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

माळरानही 'रिकामं' नसतं. मार्चपासून टिटवी तिथंच उघड्यावर, खड्यांमध्ये अंडी घालते. ती खड्यांसारखीच दिसतात, चाकाखाली गेली तरी कळणार नाहीत. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालायला लागली तर तो तुमच्या एक्झॉस्टचा जयजयकार नसतो, 'मागं फिर' असं ती सांगत असते. चाकूरजवळ वडवळ नागनाथचं संजीवनी बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. तिथं गाडी खाली लावून पायी चढण्यातच मजा. पैनगंगा अभयारण्यात तर परवानगीशिवाय शिरणं हा सरळ गुन्हा आहे.

बाहेरच्या जगात हे नवीन नाही. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या एन्ड्युरो स्पर्धांत मागच्या टायरच्या बटणांची उंची १३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे जगातल्या सगळ्यात दमदार रायडर्सनाही हात आखडता घ्यावा लागतो. अमेरिकेच्या वनखात्यानं १९८५ मध्येच 'ट्रेड लाइटली' नावाची मोहीम काढली, हलक्या पावलांनी जा, आखलेली वाट सोडू नका. आणि आपल्या देशात २०२२ मध्ये लडाखच्या हुंडर इथल्या वाळूच्या टेकड्यांवर गाडी घालणाऱ्या पर्यटकाला ५०,००० रुपयांचा दंड बसला. आपल्याकडं दंड नाही बसत. फक्त कुणाची तरी दुबार पेरणी होते.

निघण्यापूर्वी

– जून ते सप्टेंबर काळ्या मातीत नो एंट्री. डांबर आणि खडीचे रस्ते झिंदाबाद.

– पाणंद, शीव रस्ता, गाडीवाट यावरूनच जा. पाणंदीत पाणी असेल तर शेतातून बायपास काढू नका, परत फिरा. हीच वाट कुणाच्या तरी ऊस-सोयाबीनच्या गाडीची आहे. राज्य सरकारला २०२१ मध्ये खास पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणावी लागली, यावरून तिची किंमत ओळखा.

– नक्षी गेलेला टायर घेऊन कच्च्यात जाऊ नका. तो जास्त फिरतो, जास्त खणतो. आणि नवा टायर असेल तर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर डांबरावर शांतपणे काढा.

– वरचा गिअर, कमी थ्रॉटल. मागचं चाक जागेवर फिरायला लागलं की थ्रॉटल बंद. उतरा, ढकला. लाज वाटून घेऊ नका.

– ग्रुप असेल तर एकाच रेषेत, एकामागं एक. दहा गाड्यांची एक चाकोरी परवडते, दहा चाकोऱ्या नाही.

– चूक झालीच तर पळू नका. खोरं मागा.

जाता जाता त्या दिवसाची एक गोष्ट राहिली. गाडी निघाल्यावर आजोबांच्या मागून बांधाकडं आलो. तिथं कडुलिंबाखाली, पाणंदीच्या कडक कडेवर त्यांची गाडी उभी होती. शंभर सीसीची, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन अडकवलेली, टायर अगदी साधे, कंपनीचे. वर्षाचे बाराही महिने ते त्याच गाडीवर त्याच वाटेनं ये-जा करतात. मी विचारलं, 'चिखलात कसं जमतं तुम्हाला?'

आजोबा हसले. 'चिखलात कशाला घालायची ओ? हितं लावायची आन् चालत जायचं.'

एवढे पैसे घालून मी टायर बदलले होते. ही आयडिया फुकट होती.